जोगेंद्रनाथ मंडल : कागदावरचा हक्क आणि हाती आलेला हक्क

प्रस्तावना

भारतीय संविधानाचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४६ साली संविधान सभेवर निवडून गेले, ते आपल्या मुंबई प्रांतातून नव्हे, तर दूरच्या बंगालमधून. ही निवड घडवून आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते जोगेंद्रनाथ मंडल महाराष्ट्राला फारसे परिचित नाहीत. ते वकील होते, आमदार होते, अविभक्त बंगालचे मंत्री होते आणि पाकिस्तानचे पहिले कायदामंत्रीही होते. पुढे त्याच पदाचा राजीनामा देऊन ते भारतात आले आणि सियालदह स्थानकावर उतरलेल्या निर्वासितांच्या प्रश्नांत त्यांनी उरलेले आयुष्य घालवले. भेदभावाविरुद्धचा कायदा लिहिला जाणे ही एक गोष्ट असते आणि तो माणसाच्या उपयोगी पडणे ही दुसरी. या दोहोंमधले अंतर जोगेंद्रनाथांच्या जीवनात स्पष्ट दिसते.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी सांगता येतील :
- जोगेंद्रनाथ मंडल यांच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना;
- हक्क प्रत्यक्षात मिळण्यासाठी कोणत्या व्यवस्थेची गरज असते;
- नागरिकाचे हक्क आणि प्रत्येक व्यक्तीचे हक्क यांतील फरक.

मूळ पाठ

१. नद्यांच्या प्रदेशातील बालपण

पूर्व बंगालचा बाकरगंज जिल्हा म्हणजे नद्या, खाड्या आणि भाताची खाचरे यांचा मुलूख. बरिसाल हे त्याचे मुख्य ठिकाण. या जिल्ह्यातील मैस्तारकांदी या खेड्यात २९ जानेवारी १९०४ रोजी जोगेंद्रनाथांचा जन्म झाला. घर नमःशूद्र समाजातील, परिस्थिती बेताची. शेती, मासेमारी आणि नावा चालवणे यांवर या समाजाची उपजीविका चाले. दलदलीची जमीन कष्टाने लागवडीखाली आणणाऱ्या या लोकांना गावात मात्र अस्पृश्य मानले जाई. सरकारी कागदपत्रांतही त्यांची नोंद चांडाळ या अपमानकारक नावाने होत असे. ते नाव बदलावे म्हणून समाजाने अनेक वर्षे अर्ज-विनंत्या केल्या. अखेर १९११ च्या जनगणनेत नमःशूद्र हे नाव स्वीकारले गेले. एक शब्द बदलला, पण पाणवठ्यावरची आणि पंगतीतली वागणूक लगेच बदलली नाही.

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ पासून शिक्षणाचा जो मार्ग दाखवला, त्याच मार्गाने बंगालमधील हा समाजही गेला. फरीदपूर जिल्ह्यातील ओडाकांदी येथे हरिचाँद ठाकूर यांनी मतुआ पंथाची स्थापना केली. त्यांचे पुत्र गुरुचाँद ठाकूर यांनी खेडोपाडी शाळा उघडण्यावर भर दिला. शिक्षणाच्या या ओढीतूनच जोगेंद्रनाथांची पिढी घडली. त्यांनी बरिसालच्या ब्रजमोहन महाविद्यालयातून १९२९ साली पदवी घेतली आणि १९३४ साली कोलकात्यात कायद्याचे शिक्षण पूर्ण केले.

बरिसालहून कोलकात्याला यायचे म्हणजे आगबोटीने खुलना गाठायचे आणि तेथून रेल्वेने सियालदह. पूर्व बंगालकडून येणाऱ्या गाड्या या स्थानकावर थांबत. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी येणारा पूर्व बंगालचा माणूस राजधानीत पाऊल ठेवी ते सियालदहलाच. त्या काळी हा प्रवास एकाच प्रांतातला होता. पुढे याच मार्गावर दोन देशांची सीमा येईल आणि हेच स्थानक लाखो माणसांचे पहिले आश्रयस्थान होईल, याची कल्पना तेव्हा कोणाला असणे शक्य नव्हते.

२. प्रतिनिधी होण्याचा हक्क

१९३२ च्या पुणे करारानुसार बंगालच्या विधानसभेत दलित वर्गांसाठी ३० जागा राखीव ठेवण्यात आल्या. त्या सभेत एकूण २५० जागा होत्या. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली निवडणूक झाली. त्यावेळी सर्वांना मताधिकार नव्हता. कर भरणाऱ्या किंवा ठरावीक शिक्षण झालेल्या प्रौढांनाच मत देता येई. अशा परिस्थितीत जोगेंद्रनाथांनी राखीव जागा न निवडता बाकरगंजमधील सर्वसाधारण जागेवरून निवडणूक लढवली आणि काँग्रेसच्या प्रतिष्ठित उमेदवाराचा पराभव केला. कष्टकऱ्याच्या घरातील एक तरुण वकील केवळ मतांच्या बळावर विधानसभेत गेला, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

आरंभी ते शरच्चंद्र बोस आणि सुभाषचंद्र बोस यांच्या विचारांकडे ओढले गेले होते. पुढे त्यांची दिशा बदलली. दलितांनी आपली स्वतंत्र राजकीय शक्ती उभारली पाहिजे, हा डॉ. आंबेडकरांचा विचार त्यांना पटला आणि १९४३ मध्ये त्यांनी अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा स्थापन केली.

त्याच वर्षी ख्वाजा नाझिमुद्दीन यांना बंगालमध्ये मंत्रिमंडळ बनवायचे होते. त्यासाठी त्यांना दलित आमदारांचा पाठिंबा हवा होता. जोगेंद्रनाथांनी २१ आमदारांच्या वतीने तीन अटी घातल्या. मंत्रिमंडळात दलितांचे तीन मंत्री असावेत. दलित मुलांच्या शिक्षणासाठी दरवर्षी ५ लाख रुपयांची तरतूद व्हावी. आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेले जातवार प्रमाण काटेकोरपणे पाळले जावे. या तिन्ही अटींत एक सूत्र आहे. मंत्री म्हणजे निर्णयाच्या जागी माणूस. शिक्षणाचा निधी म्हणजे हक्क वापरण्याची कुवत. नोकरीतील प्रमाण म्हणजे कायदा राबवणाऱ्या हातांमध्ये आपलेही हात. नोकऱ्यांच्या प्रमाणाचा नियम पूर्वीपासून होता. तरीही तो पाळला जावा ही अट वेगळी घालावी लागली, यातच त्या नियमाची खरी स्थिती दिसते.

जोगेंद्रनाथांकडे सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा ही खाती आली. पूर्व बंगालमधील नमःशूद्र शेतकरी आणि मुसलमान शेतकरी दोघेही कुळे होते, दोघेही सावकाराच्या कर्जात बुडालेले होते. दोघांचे हित एकच आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. मुस्लिम लीगबरोबर जाण्यामागे त्यांचा हाच विचार होता. मात्र हे मंत्रिमंडळ सत्तेवर असतानाच १९४३ चा भीषण दुष्काळ बंगालवर कोसळला. लाखो माणसे अन्नावाचून मेली आणि त्यांत खेड्यांतील भूमिहीन व गरीब सर्वांत जास्त होते.

३. बंगालमधून संविधान सभेकडे

१९४६ च्या निवडणुकांत फेडरेशनचा सर्वत्र मोठा पराभव झाला. बंगालमध्ये या पक्षाचे एकटे जोगेंद्रनाथ निवडून आले. हुसेन शहीद सुऱ्हावर्दी यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले.

त्याच वर्षी जुलै महिन्यात संविधान सभेची निवडणूक आली. ही निवडणूक जनतेतून होणार नव्हती. प्रत्येक प्रांताच्या विधानसभेतील आमदारांनी पसंतीक्रमाच्या मतपद्धतीने सभासद निवडायचे होते. ज्यांच्या पाठीशी आमदार नाहीत, त्यांना दार बंद होते. मुंबई प्रांतात डॉ. आंबेडकरांच्या पक्षाला एकही जागा मिळालेली नव्हती. अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्यभर लढलेला देशातील सर्वांत विद्वान कायदेपंडित संविधान सभेबाहेर राहणार, अशी चिन्हे दिसू लागली.

जोगेंद्रनाथांनी बंगालमध्ये बाबासाहेबांची उमेदवारी उभी केली. स्वतःचे एक मत पुरेसे नव्हते. बंगालमधील काही दलित आमदार अन्य पक्षांतून निवडून आले होते. त्यांना गाठून, समजावून त्यांची मते मिळवावी लागली. पक्षशिस्तीचा दबाव होता. तरीही काही आमदारांनी बाबासाहेबांना पहिल्या पसंतीची मते दिली आणि ते निवडून आले.

या निवडीचे फळ लवकरच दिसले. कोणत्याही स्वरूपातील अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संविधान सभेने २९ एप्रिल १९४७ रोजी स्वीकारले. त्या दिवशी डॉ. आंबेडकर बंगालचे प्रतिनिधी म्हणून सभागृहाचे सभासद होते. पुढे बंगालची फाळणी ठरल्यावर त्यांची ही जागा गेली. जुलै १९४७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांनी सोडलेल्या मुंबईच्या जागेवर ते पुन्हा निवडून आले आणि ३० ऑगस्ट रोजी मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ही दुसरी निवड काँग्रेसच्या पाठिंब्याने झाली. परंतु पहिले दार उघडले होते ते बंगालने.

४. आश्वासनावरचा विश्वास

ऑक्टोबर १९४६ मध्ये मुस्लिम लीगने केंद्रातील हंगामी सरकारमध्ये आपल्या वाट्याच्या एका जागेवर जोगेंद्रनाथांना पाठवले. त्यांच्याकडे कायदा खाते आले. त्याआधी ऑगस्टमध्ये कोलकात्यात भयानक दंगल झाली होती. सूडाच्या चक्रात आपल्या समाजाने ओढले जाऊ नये, यासाठी जोगेंद्रनाथांनी प्रयत्न केले.

बंगालच्या फाळणीला त्यांचा विरोध होता. फाळणी झाली तर पूर्वेकडील दलित आपल्या बांधवांपासून तुटतील, अशी त्यांना भीती वाटत होती. परंतु १९४७ मध्ये फाळणी झालीच. बरिसाल पाकिस्तानात गेले. जोगेंद्रनाथांनी आपल्या लोकांबरोबर तेथेच राहण्याचा निर्णय घेतला.

१० ऑगस्ट १९४७ रोजी कराची येथे पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली, तेव्हा तात्पुरते अध्यक्ष म्हणून जोगेंद्रनाथ मंडल यांचीच निवड झाली. दुसऱ्या दिवशी महंमद अली जीना अध्यक्ष झाले आणि धर्म कोणताही असला तरी सर्व नागरिक समान राहतील, असे आश्वासन त्यांनी आपल्या भाषणात दिले. जोगेंद्रनाथ नव्या देशाचे कायदा व कामगार मंत्री झाले. बरिसालच्या खेड्यातील एक नमःशूद्र मुलगा एका राष्ट्राच्या कायदेमंत्रिपदापर्यंत पोहोचला होता.

परंतु भाषणातील आश्वासन आणि न्यायालयात मागता येणारा हक्क यांत फरक असतो. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या बाजूने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी मत दिले. २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान लागू झाले. त्यात समानतेचा हक्क होता आणि तो मोडला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्कही होता. पाकिस्तानचे संविधान मात्र १९५६ पर्यंत तयार झाले नाही. तोपर्यंत अल्पसंख्य माणसाला मूलभूत हक्काचे कलम दाखवून न्यायालयाचे दार ठोठावण्याची सोय नव्हती. कायदामंत्री अल्पसंख्य समाजाचा होता. पण त्याच्या हाती तसा कायदा नव्हता.

५. १९५० : एका करारानंतर

डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातील कालशिरा या नमःशूद्र वस्तीच्या गावात पोलीस एका घराची झडती घेण्यास गेले. झटापटीत एक शिपाई मारला गेला. त्यानंतर दोषींचा शोध घेण्याऐवजी साऱ्या परिसरातील वस्तीवर सूड उगवण्यात आला. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका, बरिसाल आणि इतर ठिकाणी हिंदूंवर हल्ले झाले. पश्चिम बंगालमध्ये कोलकाता व हावडा भागांत मुसलमानांवर हल्ले झाले. दोन्ही बाजूंनी माणसे जीव मुठीत घेऊन सीमा ओलांडू लागली. मरणाऱ्यांत आणि पळणाऱ्यांत गरिबांचीच संख्या मोठी होती.

हे थांबवण्यासाठी ८ एप्रिल १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू आणि लियाकत अली खान यांनी दिल्लीत करार केला. मानवी हक्कांच्या दृष्टीने हा करार महत्त्वाचा होता, कारण त्यात केवळ सदिच्छा नव्हत्या. त्या अमलात आणण्याची यंत्रणाही होती. अल्पसंख्याकांना समान नागरिकत्व मिळेल; निर्वासितांना आपली चीजवस्तू घेऊन निर्धास्तपणे जाता-येता येईल; १९५० अखेर परत येणाऱ्याला त्याचे घर व जमीन परत दिली जाईल; दंगलीच्या चौकशीसाठी आयोग नेमले जातील; पूर्व बंगाल, पश्चिम बंगाल आणि आसाम येथे अल्पसंख्याक आयोग स्थापन होतील; आणि दोन्ही देशांचा एकेक केंद्रीय मंत्री खास या कामासाठी नेमला जाईल. अशी ही तपशीलवार योजना होती.

जोगेंद्रनाथांनी पूर्व बंगालमध्ये फिरून परिस्थिती पाहिली. लोकांनी धीर धरावा, असेही सुरुवातीला सांगितले. पण त्यांच्या निदर्शनास जे आले, ते निराशाजनक होते. तक्रार घ्यायची ती त्याच पोलीस ठाण्यात, जेथील शिपायांविरुद्धच ती तक्रार होती. परत आलेल्या माणसाला त्याच्या घरात दुसराच कोणी राहत असलेला दिसे. दलितांच्या नोकऱ्यांचे प्रमाण पाळले जात नव्हते. दलितांचा मंत्री नेमतानाही दलितांच्या प्रतिनिधींचे मत विचारले जात नव्हते. जिल्ह्याचा अधिकारी, ठाण्याचा अंमलदार आणि गावचा पुढारी यांना ज्या कलमाची किंमत वाटत नाही, ते कलम दिल्लीत सही करून जिवंत होत नाही, असा अनुभव त्यांना आला.

८ ऑक्टोबर १९५० रोजी कोलकात्यातून त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांना आपले राजीनामापत्र पाठवले. ते पत्र अतिशय दीर्घ आहे. त्यात गावांची नावे, तारखा, घटना आणि मोडलेल्या आश्वासनांची यादी आहे. आपल्या लोकांना तेथे राहण्यास सांगण्यात आपली चूक झाली, हेही त्यातून दिसून येते. मंत्रिपद सोडताना त्यांनी नुसता निषेध केला नाही. एखाद्या वकिलाने न्यायालयापुढे ठेवावी तशी पुराव्यांची नोंद केली. हक्कभंगाविरुद्धच्या कोणत्याही लढ्याची पहिली पायरी ही अशी नोंदच असते.

६. सियालदहचा फलाट

जोगेंद्रनाथ भारतात आले तेव्हा सियालदह स्थानकाचे रूप बदलून गेले होते. पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून निर्वासित उतरत होते. फलाटावर, तिकीटघरापाशी, स्थानकाबाहेरच्या मोकळ्या जागेत कुटुंबेच्या कुटुंबे बोचकी पसरून बसलेली असत. पटकीची साथ पसरू नये म्हणून त्यांना लस टोचली जाई, त्यांची नोंद होई आणि मग राणाघाटजवळील कूपर्स कॅम्प किंवा नदिया जिल्ह्यातील धुबुलिया अशा छावण्यांत त्यांची रवानगी होई. त्यासाठी कधी काही दिवस, कधी त्याहून अधिक काळ फलाटावरच काढावा लागे. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमध्ये सुमारे २१ लाख विस्थापितांची नोंद झाली.

या माणसांना कायद्याने कोणते हक्क होते? संविधानातील काही हक्क फक्त नागरिकांचे आहेत. जात, धर्म, लिंग यांवरून सरकारने भेदभाव करू नये आणि सरकारी नोकरीत समान संधी मिळावी, हे हक्क त्यांत येतात. कायद्यापुढे समानता आणि जीविताचे संरक्षण हे हक्क मात्र भारताच्या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीचे आहेत. संविधानाने १९ जुलै १९४८ पूर्वी भारतात स्थलांतर केलेल्यांना नागरिकत्व दिले होते. त्यानंतर आलेल्यांना संविधान लागू होण्यापूर्वी नोंदणी करावी लागत होती. फेब्रुवारी १९५० नंतर सियालदहला उतरलेल्या माणसाला यांतील कोणतीही तरतूद लागू होत नव्हती. त्याच्यासाठी नोंदणीचा मार्ग १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने खुला केला. जीविताचा हक्क त्याला पहिल्या दिवसापासून होता. पण फलाटावर बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाने तो कोणाकडे मागावा, हे सांगणारे कोणी नव्हते.

पुनर्वसनातही फरक पडला. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई देणारा कायदा १९५४ साली झाला. पूर्व बंगालच्या निर्वासितांना तो लागू नव्हता. दिल्ली करारानुसार त्यांची मालमत्ता त्यांचीच राहिली आहे आणि ते परत जाऊ शकतील, असे गृहीत धरले गेले होते. माणसे परत जाऊ शकत नव्हती आणि परत जाण्याचा हक्क आहे म्हणून भरपाईही मिळत नव्हती. चांगल्या हेतूने लिहिलेले कलम अशा रीतीने अडसर ठरू शकते.

७. जातीची यादी आणि राज्याची सीमा

छावण्यांतील निर्वासितांपैकी फार मोठा भाग नमःशूद्र शेतकऱ्यांचा होता. सरकारने त्यांना बंगालबाहेर, मध्य प्रदेश व ओरिसातील दंडकारण्य प्रदेशात वसवण्याची योजना आखली. १९५८ साली या सक्तीच्या स्थलांतराविरुद्ध छावण्यांतील निर्वासितांनी सत्याग्रह केला. त्या आंदोलनाच्या नेत्यांत जोगेंद्रनाथ होते. पश्चिम बंगालमध्येच पडीक जमीन शोधून शेतकऱ्यांना शेतकरी म्हणूनच वसवावे, अशी मागणी होती. अखेर अनेक कुटुंबांना बाहेर जावे लागले.

१९६० च्या दशकात यांतील काही कुटुंबे महाराष्ट्रातही आली. तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत त्यांच्या वसाहती झाल्या. येथे त्यांना कायद्याचा आणखी एक अनुभव आला. संविधानाच्या ३४१ व्या कलमानुसार अनुसूचित जातींची यादी राज्यवार ठरते. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या यादीत होती. महाराष्ट्राच्या यादीत नव्हती. त्यामुळे ज्या अस्पृश्यतेमुळे पिढ्यान्‌पिढ्या अन्याय सोसला, तिच्या निवारणासाठी असलेल्या सवलती राज्याची सीमा ओलांडताच हातून गेल्या. माणूस तोच, जात तीच, इतिहास तोच. कागद मात्र बदलला.

८. अखेरची वर्षे

जोगेंद्रनाथांनी भारतात अनेकदा निवडणुका लढवल्या. त्यांना यश आले नाही. पाकिस्तानात ते परके ठरले होते आणि भारतात अनेकजण त्यांच्याकडे संशयाने पाहत होते. मुस्लिम लीगबरोबर गेल्याचा दोष त्यांना शेवटपर्यंत दिला गेला. त्यांचा राजकीय अंदाज चुकला, हे खरे आहे. परंतु त्यांच्या मागण्या पाहिल्या तर त्या प्रत्येक देशात, प्रत्येक पक्षापुढे एकच होत्या : शिक्षण, जमीन, नोकरी आणि निर्णयात वाटा. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव येथे त्यांचे निधन झाले. बनगाव हे सियालदहहून खुलन्याकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावरील भारताच्या सीमेलगतचे गाव आहे.

त्यांच्यानंतर कायद्याने बरीच वाटचाल केली. १९८९ साली अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा स्वतंत्र कायदा झाला. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला आधार दिला. २००० साली हावडा स्थानकाशी संबंधित एका प्रकरणात, अत्याचारग्रस्त परदेशी महिलेलाही जीविताचा हक्क आहे आणि तिला भरपाई मिळाली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. कोलकात्यातील एका वकील महिलेने तिच्यासाठी न्यायालयात अर्ज केला होता. फलाटावरच्या माणसाचा हक्क मागणारे कोणीतरी उभे राहिले, म्हणून ते कलम उपयोगी पडले.

जोगेंद्रनाथ मंडल यांच्या जीवनातून हाच बोध मिळतो. स्पष्ट लिहिलेले कलम, तक्रार ऐकणारी निःपक्ष यंत्रणा, तो राबवणारा प्रामाणिक अधिकारी आणि निर्णयाच्या जागी बसलेला वंचितांचा स्वतःचा प्रतिनिधी, या चार गोष्टी एकत्र आल्या तरच हक्क माणसाच्या हाती येतो. यांतील एक जरी निखळली, तरी तो कागदावरच राहतो.

शब्दार्थ

खाचर – भातशेतीचा बांध घातलेला तुकडा
कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी
हंगामी – तात्पुरते
मसुदा – कायद्याचा किंवा लेखाचा कच्चा आराखडा
विस्थापित – आपल्या जागेवरून उठून जावे लागलेला
पटकी – कॉलरा हा रोग
अडसर – अडथळा
वंचित – हक्कांपासून दूर ठेवलेला

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १९११ च्या जनगणनेत कोणता बदल झाला?
(आ) डॉ. आंबेडकर १९४६ साली कोणत्या प्रांतातून संविधान सभेवर निवडून गेले?
(इ) जोगेंद्रनाथांनी पाकिस्तानच्या मंत्रिपदाचा राजीनामा केव्हा दिला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) १९४३ साली जोगेंद्रनाथांनी घातलेल्या तीन अटींमागील हेतू स्पष्ट करा.
(आ) १९५० च्या दिल्ली कराराची अंमलबजावणी पूर्व बंगालमध्ये का झाली नाही?
(इ) महाराष्ट्रात आलेल्या नमःशूद्र कुटुंबांना कोणती अडचण आली?

३. कारणे द्या.
(अ) १९५४ च्या भरपाईच्या कायद्याचा लाभ पूर्व बंगालच्या निर्वासितांना मिळाला नाही.
(आ) सियालदहच्या फलाटावरील निर्वासिताला जीविताचा हक्क होता, तरी तो त्याला वापरता येत नव्हता.

४. विचार करा व लिहा.
तुमच्या परिसरात एखाद्याला जातीवरून किंवा लिंगावरून वेगळी वागणूक मिळाली, तर तक्रार कोठे व कशी करता येईल, याची माहिती मिळवा आणि ती दहा ओळींत लिहा.